सदाशिव पेठेचा समुद्रकिनारा

समुद्राविषयी पुणेकरांचे मत एकंदरीत अनुकूल आहे. तो विस्तीर्ण आहे, गंभीर आहे आणि पुण्यापासून सरळ रेषेत सुमारे शंभर किलोमीटर दूर आहे. या तीन गुणांपैकी पहिल्या दोहोंमुळे त्याच्याविषयी आदर उत्पन्न होतो आणि तिसऱ्यामुळे तो टिकून राहतो. समुद्रात प्लास्टिक साचले आहे, मासे ते गिळीत आहेत, कासवे त्यात गुदमरत आहेत, अशा वार्ता सकाळच्या वर्तमानपत्रात आल्या म्हणजे सदाशिव पेठेतील सुविद्य गृहस्थ मनापासून हळहळतो, मुंबईच्या लोकांना शिस्त म्हणून नाही असा निकाल देतो, आणि त्या निकालावर अपील होण्याचा संभव नसल्यामुळे निश्चिंत चित्ताने राशिभविष्याकडे वळतो. ज्या शहराला समुद्र नाही त्या शहराकडून समुद्राचा अपराध घडणे शक्य नाही, हे तर्कशास्त्र वरवर पाहता इतके निर्दोष आहे की, ते खोडून काढण्यासाठी भूगोलाचे पुस्तकच उघडावे लागते. आणि शाळा सुटल्यानंतर भूगोलाचे पुस्तक उघडण्याची वहिवाट आपल्याकडे नाही.

खरे पाहता शास्त्रज्ञांनीही आरंभी पुणेकरांना संशयाचा फायदा दिला होता. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात, २०१० या एका वर्षात जगातील १९२ किनारी देशांतून ४८ लाख ते १ कोटी २७ लाख टन प्लास्टिक समुद्रात गेले असावे, असा अंदाज वर्तविलेला होता. परंतु तो काढताना किनाऱ्यापासून ५० किलोमीटरांच्या आत राहणाऱ्या लोकवस्तीचाच केर हिशेबात धरलेला होता. त्या हद्दीबाहेरचे आम्ही त्या फिर्यादीतून जबानीही न देता सुटलो. पण सुटकेचा हा आनंद दोनच वर्षे टिकला. २०१७ साली दुसऱ्या काही संशोधकांनी नद्यांची चौकशी हाती घेतली, आणि नद्यांच्या वाटेने दरसाल साडेअकरा लाख ते चोवीस लाख टन प्लास्टिक समुद्रास मिळते, असा आकडा मांडला. आता नदी म्हटली की पुण्याला पळवाट उरत नाही; कारण पुण्याला एक सोडून दोन नद्या आहेत, त्यांचा संगम आहे, संगमावर पूल आहे, आणि या तिन्हींचा आम्हांस यथायोग्य अभिमानही आहे.

लक्ष्मी रस्त्यावर कोणाच्या हातून सुटलेली एखादी पातळ पिशवी घ्या. पहिल्या वळिवाबरोबर ती गटारात उतरते, गटारातून मुठेत येते, संगमावर मुळेच्या हवाली होते, रांजणगाव सांडसपाशी भीमेत प्रवेश करते, आणि तेथून पुढे तिचा प्रवास इतका पुण्यप्रद होतो की, तिच्या मूळ मालकाने तिचा हेवा करावा. उजनीच्या जलाशयात मुक्काम, पंढरपुरास चंद्रभागेचे स्नान, तेही आषाढीची गर्दी टाळून. पुढे रायचूरजवळ कृष्णेची भेट, श्रीशैलमला मल्लिकार्जुनाच्या सान्निध्यात विसावा, नागार्जुनसागर, विजयवाडा, आणि अखेर आंध्रात हंसलदीवी येथे सागरसंगम. वाटेतली धरणे पुष्कळ पिशव्यांना अडवून धरतात हे कबूल केले पाहिजे; परंतु अडकलेली पिशवी उन्हाने विरते, फुटते, तिचे तुकडे होतात, आणि तुकडा पाच मिलिमीटरांहून लहान झाला की सूक्ष्म प्लास्टिक या पदवीस पोहोचतो, व मग त्यास अडवून धरणे धरणाला तितके सोपे राहत नाही. तात्पर्य, पुणेकर सहलीसाठी पश्चिमेकडे कोकणात उतरतो आणि त्याचा केर पूर्वेकडे रवाना होतो. ज्या बंगालच्या उपसागराचे त्याने एकदाही दर्शन घेतलेले नाही, त्याच्याशी त्याचा व्यवहार मात्र अखंड चालू आहे.

याचा पुरावा पाहावयाचा असेल तर लांब जाण्याची गरज नाही. खडकवासल्यातून पाणी सोडले की भिडे पूल बुडतो, आणि तो बुडालेला पाहण्यासाठी निम्मे शहर छत्र्या घेऊन काठावर जमते. पाणी ओसरले की हीच मंडळी घरी जातात; पण पाहण्यासारखे जे असते ते त्यानंतरचे असते. काठावरच्या झाडांच्या फांद्यांना, पुलाच्या कठड्यांना, खांबांना, पाणी जेथवर चढले होते तेथवर पिशव्यांची लक्तरे लोंबत असतात. पाटबंधारे खात्याने नकाशावर एक निळी आणि एक लाल पूररेषा आखलेली आहे व त्या दोन्हींविषयी बांधकाम व्यावसायिकांचे आणि नागरिकांचे तीव्र मतभेद आहेत. या तिसऱ्या पूररेषेविषयी मात्र मतभेदास जागा नाही, कारण ती आम्ही सर्वांनी मिळून, कोणत्याही खात्याची मदत न घेता आखलेली असते.

प्लास्टिकच्या प्रदूषणाची कारणे सांगताना तज्ज्ञ लोक उत्पादन, वितरण, वेष्टन, केराची विल्हेवाट अशी भारदस्त नावे घेतात, आणि ती खोटी नाहीत. कारखान्यातून माल निघतच राहिला तर घरोघरच्या काटकसरीने तो किती अडणार, हा प्रश्नही रास्त आहे. परंतु पिशवी दुकानदाराच्या हातून आपल्या हाती येते तो क्षण कोणी बारकाईने न्याहाळला, तर तेथे त्याला एकच कारण सापडेल, आणि ते म्हणजे भीड. आपण सहा लिंबे घेतो. सहा लिंबे दोन खिशांत सुखाने मावतात. दुकानदाराला पिशवी द्यावयाची नसते, कारण तिला पैसे पडतात. आपल्याला ती नको असते, कारण घरी तिच्या जातीच्या शंभर पिशव्या एका मोठ्या पिशवीत कोंबून खिळ्याला टांगलेल्या असतात. तरीही न दिली तर गिऱ्हाईक आपल्याला कद्रू म्हणेल म्हणून तो देतो, न घेतली तर दुकानदाराचा मान राहणार नाही म्हणून आपण घेतो, आणि उभयपक्षी नको असलेली ती वस्तू अशा रीतीने केवळ सौजन्यामुळे समुद्राच्या मार्गाला लागते. भीड ही भिकेची बहीण आहे असे आपले वाडवडील सांगत. तिचे समुद्राशीही काही नाते निघेल, याची त्यांना कल्पना नव्हती.

ज्या गृहस्थाने ही पिशवी प्रथम निर्माण केली, त्याच्या मनात हे काही नव्हते. १९६५ साली सेलोप्लास्ट या स्वीडिश कंपनीने आजच्या घाटाच्या एकसंध पिशवीचे पेटंट घेतले. ती सिद्ध करणारे अभियंता स्टेन गुस्ताफ थुलिन हे, त्यांच्या मुलाने पुढे सांगितलेल्या हकिकतीप्रमाणे, आपली पिशवी घडी घालून नेहमी खिशात बाळगीत आणि पुन्हा पुन्हा वापरीत. कागदी पिशव्यांसाठी झाडे तुटतात, ती वाचावीत, असा त्यांचा विचार होता. म्हणजे निर्माता वागण्याने अस्सल पुणेकर निघाला आणि पुणेकर मात्र त्याची वस्तू एकदाच वापरून टाकण्याइतका उधळा झाला. इतिहासात अशी अदलाबदल क्वचितच घडते. थुलिन यांची पिशवी मात्र सर्वदूर पोहोचली. १९९८ साली पॅसिफिक महासागरातील मारियाना गर्तेत, १०,८९८ मीटर खोलीवर, जपानी संशोधकांच्या यंत्राला जे दृश्य टिपता आले त्यात एक पिशवी होती. तेथे मनुष्यप्राणी तोवर एकदाच, १९६० साली उतरला होता.

वस्तुतः समुद्राला ज्या गुणाची आज नितांत गरज आहे तो गुण पुण्यात विपुल आहे. भीड न बाळगणे ही आमची पिढीजात मिळकत आहे. दुसऱ्या शहरांत जनजागृतीच्या नावाखाली फेऱ्या, फलक आणि नटनट्यांची आवाहने यांवर जो खर्च होतो, त्याच्या सहस्रांशात पुण्यातील एखादा दुकानदार 'पिशवी मिळणार नाही. मागू नये. कारण विचारू नये' अशी पाटी लावून संपूर्ण पेठेची प्रकृती सुधारू शकतो, आणि काहींनी ती लावलेलीही आहे. मग अडचण कोठे येते? माझ्या निरीक्षणाप्रमाणे ती येथे येते की, पुणेकराचा निर्भीडपणा हा देण्याच्या प्रसंगापुरता मर्यादित आहे. पत्ता, वर्गणी, रस्ता किंवा चहा देण्याची वेळ आली असता तो ज्या तेजाने नकार देतो, ते तेज फुकट मिळणारी वस्तू समोर आली की एकाएकी मावळते. विकत घेतलेल्या साडीबरोबर तीन पिशव्या मिळत असतील तर दोन परत करणे त्याला त्याग न वाटता नुकसान वाटते. पर्यावरणवाद्यांनी त्याला परोपकाराचे पाठ देण्यापेक्षा, 'ही पिशवी फुकट नाही, तिची किंमत साडीत धरलेली आहे', एवढे पटवून दिले तर मोठा कार्यभाग साधेल.

सरकारने आपल्या परीने बंदोबस्त केला नाही असे नाही. २३ मार्च २०१८ रोजी राज्यात प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली, तीन महिन्यांची मुदत मिळाली आणि २३ जूनपासून अंमलबजावणी सुरू झाली: पहिल्या गुन्ह्यास ५,००० रुपये दंड, दुसऱ्यास १०,०००, तिसऱ्यास २५,००० आणि तीन महिन्यांची कैद. त्या पंधरवड्यात मी भल्याभल्यांना कोथिंबिरीची जुडी उघडी, हातात, पुष्पगुच्छाच्या थाटाने नेताना पाहिले. ज्यांच्या घरात नाइलाजाने पिशव्या शिल्लक होत्या ते अंगावरचे दागिने सांभाळावेत तशा त्या सांभाळीत आणि कोपऱ्यावर गणवेशधारी मनुष्य दिसताच सदऱ्याखाली लपवीत. मग पाऊस लागला, गणपती आले, अधिकाऱ्यांच्या बदल्या झाल्या आणि पिशवीने वेषांतर केले. आज मंडईत, किराणा दुकानात, मिठाईच्या दुकानात जी मऊ, खरबरीत, रंगीत, कापडासारखी पिशवी दिसते, ती कापडाची नसून पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचीच असते. ओळखण्याची युक्ती सोपी आहे. कडेचा धागा ओढून पाहावा; खरे कापड असेल तर त्याला ताणा असतो, बाणा असतो, धागा लांबलचक निघतो. या बहुरूपी पिशवीला ना ताणा, ना बाणा. नुसता दाबून बसविलेला लगदा. कालांतराने तिचे जे तंतू सुटतात ते आमच्या नदीच्या वर उल्लेखिलेल्या यात्रेत सामील होतात.

मग कापडी पिशवी घ्यावी, तर तेथेही शास्त्र स्वस्थ बसू देत नाही. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ साली असा हिशेब मांडला की, कापूस पिकविणे, सूत काढणे, विणणे या सर्वांचा पर्यावरणावर पडणारा एकूण भार ध्यानी घेतला तर सुती पिशवी ७,१०० वेळा वापरली पाहिजे, तेव्हा कोठे ती प्लास्टिकच्या पिशवीच्या बरोबरीस येते. केवळ हवामानाचा विचार केला तर ५२ वेळांत भागते, आणि टाकलेली पिशवी समुद्रात जाऊन काय करते याचा त्या हिशेबात समावेशच नाही, ही गोष्ट हा आकडा सांगणारे सहसा सांगत नाहीत. तथापि ७,१०० हा आकडा ऐकून परदेशांत मोठी खळबळ उडाली म्हणतात. पुण्यात ती उडण्याचे कारण नाही. रोज एकदा मंडई धरली तर ७,१०० वेळा म्हणजे सुमारे साडेएकोणीस वर्षे. आणि साडेएकोणीस वर्षे वापरलेली पिशवी ही आमच्या पेठेत अजून नवीच समजली जाते. ज्या पिशवीवर आता अस्तित्वात नसलेल्या सहकारी बँकेचे नाव, सहा आकडी दूरध्वनी क्रमांकासह, अर्धवट पुसट छापलेले आहे, ती हाती घेऊन निवृत्त गृहस्थ सकाळी मंडईत निघतात, तेव्हा त्यांना पाहून डेन्मार्कच्या खात्याने उभे राहून वंदन करावे.

त्याहूनही वरचा मान जुन्या पायजम्याच्या पिशवीचा आहे. ती शिवण्यासाठी कापूस पिकवावा लागत नाही, सूत काढावे लागत नाही. आजोबांनी गुडघ्यात विरेपर्यंत पायजमा घालावा, एवढीच तिची पूर्वतयारी. माझ्या मते समुद्ररक्षणाच्या कार्यात जगाने अद्याप ज्याची दखल घेतलेली नाही असा हा सर्वांत मोठा शोध आहे. त्याच्या प्रसारात अडचण एकच, आणि ती पुन्हा भिडेचीच. ज्या पायजम्यात मनुष्य वीस वर्षे उजळ माथ्याने वावरला, त्याची पिशवी घेऊन दुकानात जाण्याची त्याच्या सुनेला लाज वाटते. म्हणून ती छापील नक्षीची नवीन कापडी पिशवी विकत घेते, तिच्यावर 'वसुंधरा वाचवा' असे लिहिलेले असते, ती घरी विसरते, आणि दुकानात दुसरी विकत घेते.

स्त्रियांविषयी येथे अधिक बोलणे धोक्याचे आहे याची जाणीव असूनही संक्रांतीच्या वाणाचा विषय टाळता येत नाही. पूर्वी सुगडात ऊस, बोरे, हरभरा, गाजर अशी ज्यांची मातीशी ओळख आहे अशी मंडळी असत. पुढे केव्हातरी 'वस्तू लुटण्याची' प्रथा वाढली आणि प्लास्टिकची गाळणी, साबणदाणी, झाकणाची वाटी, शेंगा ठेवण्याची टोपली, केसांचे चाप हे सौभाग्यवर्धक पदार्थ मानले जाऊ लागले. ही वस्तू वापरावी अशी कोणाचीही अपेक्षा नसते. ती माळ्यावर जाते, पुढच्या वर्षी दुसऱ्या घरी हळदीकुंकवाला जाते, तेथून तिसऱ्या. एका गुलाबी साबणदाणीने आमच्या वाड्याला प्रदक्षिणा घालून मूळ घरी प्रवेश केल्याचे मी पाहिले आहे. तिच्या तळाला चिकटविलेल्या किमतीच्या चिठ्ठीवरून ती ओळखू आली. एका दृष्टीने हा वस्तूंच्या पुनर्वापराचा आदर्शच म्हटला पाहिजे, परंतु दरवर्षी या प्रदक्षिणामार्गात नवीन साबणदाण्या दाखल होतात आणि जुन्या थकून बाहेर पडतात. वाणात गूळ द्यावा, तीळ द्यावेत, सुती रुमाल द्यावा, एखादे रोप द्यावे, असे सुचविणाऱ्या वहिनी मला ठाऊक आहेत. त्यांच्याविषयी बाकीच्या वहिनी काय बोलतात, तेही मला ठाऊक आहे.

आता दुधाच्या पिशवीकडे वळतो; कारण समुद्र वाचविण्याची जी कृत्ये घरबसल्या, पहाटे, डोळे न उघडता करता येतात, त्यांत हिचा क्रमांक पहिला लागतो. आपण सामान्यतः पिशवीचा कोपरा कात्रीने संपूर्ण उडवितो. हा जो त्रिकोणी कपटा निघतो, तो ओट्यावर पडतो, ओट्यावरून पाण्याबरोबर मोरीत जातो, आणि मोरीच्या जाळीला त्याची दखल घेण्याचे कारण नसते. पिशवी पुढे धुऊन, वाळवून भंगारवाल्याला देता येते, कारण ती एकाच जातीच्या प्लास्टिकची असून तिला भाव येतो. कपट्याला मात्र कोणीही वारस नाही, त्याला वेचील असा मनुष्य अद्याप जन्मलेला नाही. उपाय एवढाच की, कोपरा कापताना तो पूर्ण तोडू नये, थोडासा जोडलेला ठेवावा. यास पैसा पडत नाही, वेळ लागत नाही, भाषण ऐकावे लागत नाही. फक्त धार थोडी वाकडी पडते व दूध ओट्यावर सांडते, आणि त्यावरून घरात जे संभाषण होते ते सहन करण्याची तयारी ठेवावी लागते. ज्यांना तेवढेही सोसत नाही, त्यांनी बरणी घेऊन गवळ्याकडून सुटे दूध आणावे. त्यात पाणी किती यावर तरी संभाषण होईल.

अमृततुल्य चहाच्या दुकानाची गोष्ट मात्र माझ्या मनाला लागते. पितळेचे पातेले, वेलदोड्याचा वास आणि काचेचा पेला ही एके काळी या संस्थेची त्रयी होती. पेला धुण्याचे पाणी पाहू नये, एवढा एक संकेत पाळला की सारे काही उत्तम होते. आता आरोग्याच्या नावाने कागदी पेला आला आणि तो कागदाचा आहे या समजुतीने आम्ही निर्धास्त झालो. वास्तविक त्याला आतून प्लास्टिकचा पातळ लेप असतो, नाहीतर चहा टेबलावर उतरला असता. खरगपूरच्या आयआयटीतील संशोधकांनी २०२० साली दाखविले की, अशा पेल्यात १०० मिलिलिटर कढत पाणी १५ मिनिटे ठेवले तर त्यात सुमारे २५,००० सूक्ष्म कण उतरतात. एका कटिंगवर महापालिकेच्या राजकारणाचा पाऊण तास परामर्श घेणाऱ्या आमच्या मित्रमंडळाने हा हिशेब करून पाहिला आणि दुसऱ्या दिवसापासून काचेचा पेला मागण्यास आरंभ केला. मालकाने कपाळाला आठ्या घातल्या, पण पेले माळ्यावरून निघाले. जो चहा पातळ पिशवीत ओतून, तोंडाला गाठ मारून कचेरीत नेला जातो, त्याविषयी मी काही लिहीत नाही. किटली नावाचे एक भांडे पूर्वी असे, एवढेच नमूद करतो.

बाकीच्या उपायांत फारसा रस नाही, पण ते उपयोगी आहेत. भांडी घासण्याच्या हिरव्या घासणीऐवजी काथ्या चालतो. एक रुपयाच्या शांपूच्या पुड्यांची माळ घेण्यापेक्षा मोठी बाटली बरी, आणि तिच्याहून शिकेकाई बरी. पुडीचे वेष्टन अनेक थरांचे असल्यामुळे भंगारातही तिला कोणी विचारीत नाही. पॉलिएस्टरचे कपडे धुताना त्यांतून तंतू सुटून सांडपाण्यात जातात, तेव्हा ते कमी वेळा, थंड पाण्यात आणि यंत्र पुरते भरल्यावर धुवावेत. कमी वेळा धुवावेत, या एका वाक्यावर आमच्या घरातील तरुण पिढीची निष्ठा बसलेली आहे.

निर्माल्याचे प्रकरण नाजूक आहे. देवाला वाहिलेले फूल पायदळी येऊ नये, वाहत्या पाण्यात सोडावे, ही भावना सुंदर आहे. परंतु ते सोडताना आपण फुलांबरोबर पिशवीही सोडतो, आणि तिला गाठ मारून सोडतो, त्यामुळे फुलांना पाणी लागत नाही व पाण्याला फुले लागत नाहीत. पुण्यातल्या कित्येक पुलांवर या भक्तीला आवर घालण्यासाठी उंच लोखंडी जाळ्या बसविलेल्या आहेत. एरवी कमरेच्या दुखण्याने देवापुढे वाकू न शकणारे गृहस्थ त्या जाळीवरून पिशवी पलीकडे झुगारताना ज्या जोमाने हात फिरवितात, तो पाहून मी थक्क झालो आहे. निर्माल्यकलश पुलाच्या तोंडाशीच असतो, पण तो महापालिकेचा असल्यामुळे देवापर्यंत पोहोचेल याची त्यांना खात्री वाटत नाही. घरच्या कुंडीतली माती हाही एक मार्ग आहे. हार प्लास्टिकचा, त्यातली जर प्लास्टिकची आणि दोरा नायलॉनचा असेल, तर मात्र कुंडीसुद्धा नाही म्हणते.

या साऱ्या प्रकरणात विनोद ज्यांच्या वाट्याला येत नाही अशी एक जमात आहे. पुण्यातल्या कचरावेचक कष्टकरी स्त्रियांनी १९९३ साली 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी केली. पुढे त्यातूनच 'स्वच्छ' ही त्यांच्या मालकीची सहकारी संस्था निघाली आणि दारोदारचा कचरा गोळा करण्याचे काम करू लागली. माझ्या दाराशी आलेल्या बाई माझ्या डब्यातून, मी कशात काय टाकले आहे हे माझ्याकडे न पाहता ओळखतात आणि काय वेगळे काढावयाचे ते काढतात. समुद्राच्या दिशेने निघालेला माल अर्ध्या वाटेत अडविणारी खरी चौकी ही. तिला मदत करावयाची तर पिशवीत उष्टे वरण शिल्लक ठेवून तिची गाठ मारू नये. सुके वेगळे, ओले वेगळे, आणि सुके असेल ते खरोखर सुके. दुधाची, तेलाची पिशवी विसळून दोरीवर वाळत घालावी. आमच्या गॅलरीत धोतराशेजारी तेलाची पिशवी चिमट्याने लटकलेली पाहून समोरच्या इमारतीतून चौकशी झाली होती, की आमची परिस्थिती बरी आहे ना.

पुणेकर कोकणात जातो तेव्हा मात्र तो बंगालच्या उपसागराला विसरून अरबी समुद्राची थेट सेवा करतो. वेळासला सागरी कासवांची पिल्ले पाण्यात सोडण्याचा सोहळा पाहावयास गर्दी लोटते. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने गावकऱ्यांच्या साहाय्याने २००२ सालापासून तेथे घरटी राखली, त्याचे हे फळ. इवलीशी पिल्ले वाळूवरून लाटेकडे निघाली की पाहणाऱ्यांचा कंठ दाटून येतो. त्याच वेळी दाटलेल्या कंठात उतरविण्यासाठी वेफरची पुडी फोडली जाते आणि तिचा वरचा पट्टा वाऱ्याने पिल्लांच्या पुढे निघतो. पोहे, दडपे, लाडू डब्यात बांधून नेण्याची चाल आमच्या आईच्या पिढीत होती. तिला आता अडाणीपणा म्हणतात.

सर्वांत बिकट समस्या मंगल कार्यालयातील पाण्याच्या लहान बाटल्यांची आहे. पाहुणा बाटली उघडतो, दोन घोट घेतो, ओळखीचा कोणी भेटला म्हणून खाली ठेवतो, परत आल्यावर आपली कोणती हे न कळल्यामुळे दुसरी उघडतो, आणि मुहूर्त टळण्यापूर्वी तिसरी. आत्याच्या नातवाची मुंज येत्या वैशाखात आहे. बटूच्या आईने पत्रिकेत 'कृपया आहेर आणू नये' या ओळीखाली 'पाण्याचा पेला आणावा' अशी ओळ घालण्याची सूचना मांडली आणि घरात दोन तट पडले. "पाहुण्यानं भांडंही घरून आणायचं? मग पाणी तरी आपण कशाला द्यायचं?" असा आत्याचा सवाल. काकांनी तांब्याभांडी भाड्याने आणावीत असे सुचविले. तेव्हा कार्यालयाच्या व्यवस्थापकाने खुलासा केला की, बाटल्या ताटाच्या दरात फुकट आहेत, तांब्याभांड्यांना वेगळे पैसे पडतील, धुणारी बाई निराळी, आणि जाताना मोजून घेतली जातील, हरवल्यास भरपाई. टाकून द्यावयाच्या वस्तूला दाम नाही आणि परत करावयाच्या वस्तूला जामीन, हा त्याचा हिशेब ऐकून आत्या एकाएकी पक्ष बदलून पेल्यांच्या बाजूस आली, कारण फुकट म्हणून सांगितलेल्या वस्तूची किंमत ताटात धरलेली असते हे तिला कोणी शिकवावे लागत नाही. एवढे ठरल्यावर भिक्षावळीचा प्रश्न निघाला. हल्ली बटूच्या झोळीत पाहुणे चकचकीत वेष्टनातली चॉकलेटे घालतात. त्याऐवजी घरचे रव्याचे लाडू असावेत, असा ठराव बहुमताने संमत झाला. बटूस तोपर्यंत कोणी काही विचारलेले नव्हते. त्यास हे कळताच त्याने चॉकलेट नसेल तर आपण मुंजीला बसणार नाही, असे जाहीर केले. पत्रिकेचा मजकूर छापखान्यात थांबवून ठेवलेला आहे, आणि छापखानेवाले रोज तगादा लावीत आहेत.